अमेरिकेच्या जन्मकाळचे चार कागद

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, बर्कशायरच्या डोंगरांत, विल्यम्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावापेक्षा तेथील कॉलेजचे नाव मोठे. १७५५ सालच्या लढाईत मारला गेलेला कर्नल एफ्रेम विल्यम्स याने मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून १७९३ मध्ये हे विल्यम्स कॉलेज उभे राहिले. या कॉलेजच्या दुर्मिळ ग्रंथांच्या संग्रहात अमेरिकन राष्ट्राच्या जन्मकाळचे चार छापील दस्तऐवज जपून ठेवलेले आहेत: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, तेरा राज्यांच्या संघाचा पहिला करार, राज्यघटनेचा मसुदा आणि हक्कांच्या सनदेचे आरंभीचे पाठ. या चारही लेखांची त्या त्या काळची मूळ रूपे एका छपराखाली पाहावयाची, तर राष्ट्रीय दफ्तरखाना वगळता असे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. ग्रंथसंग्रहाच्या इमारतीचे काम चालू होते तेव्हा काही वर्षे हे कागद कॉलेजच्या कलासंग्रहालयात मांडले होते, आणि चित्रे पाहावयास आलेली मंडळी चित्रे सोडून या पिवळट कागदांपाशी थबकत.

महाराष्ट्रातील वाचकाला हे कॉलेज अगदीच परके आहे असेही नाही. १८०६ साली याच कॉलेजातील पाच विद्यार्थी पावसाच्या सरीपासून आडोसा म्हणून गवताच्या गंजीखाली बसले असता त्यांनी परदेशी धर्मप्रसारास जाण्याचा विचार केला, असे सांगतात. त्यांच्या मंडळातील गॉर्डन हॉल हा १८०८ चा पदवीधर १८१३ मध्ये मुंबईस उतरला, मराठी शिकला, आणि १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी स्थापलेल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पुढे मराठी खिळ्यांचे काम भरभराटीस आले, आणि निर्णयसागराचे संस्थापक जावजी दादाजी यांनी लहानपणी आपल्या धंद्याचे पहिले धडे त्याच छापखान्यात गिरवले. मिशनच्या धर्मकार्याविषयी कोणाचे काहीही मत असो, मराठी मुद्रणाच्या इतिहासात या कॉलेजाचा धागा असा येऊन मिळालेला आहे. पुढील हकीकतही बऱ्याच अंशी छापखान्याचीच आहे.

हा संग्रह उभारणारा आल्फ्रेड क्लार्क चेपिन हा १८६९ साली या कॉलेजातून बाहेर पडला. पुढे तो ब्रुकलिन शहराचा महापौर झाला, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाचा सभापती झाला, केंद्रीय काँग्रेसमध्येही बसला. राजकारणातून मोकळा झाल्यावर १९१५ पासून त्याने जुने ग्रंथ आणि हस्तलिखिते विकत घेण्याचा सपाटा लावला. ही खरेदी स्वतःच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. पदवीपूर्व वर्गातील मुलांना मूळ ग्रंथ हाताळता यावेत, हा त्याचा हेतू होता. १९२३ मध्ये ‘चेपिन लायब्ररी’ या नावाने हा संग्रह खुला झाला. श्रीमंत मनुष्य दुर्मिळ वस्तू गोळा करतो आणि कुलुपात ठेवतो, हा नेहमीचा प्रकार. विद्यार्थ्यांच्या हाती त्या देणारा विरळा.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सह्यांची मूळ प्रत वॉशिंग्टन शहरी असताना या छापील कागदाला एवढे मोल का? छापील म्हणजे नक्कल आणि हाताने लिहिलेले ते अस्सल, अशी आपली समजूत असते. या जाहीरनाम्याच्या बाबतीत मात्र गोष्ट उलट आहे. छापील कागद आधीचा आहे आणि सह्यांचे चर्मपत्र नंतरचे.

१७७६ च्या जुलैची २ तारीख. फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या काँग्रेसने इंग्लंडपासून विभक्त होण्याचा ठराव त्या दिवशी संमत केला. तो का केला हे जगाला सांगणारा जाहीरनामा टॉमस जेफरसनने लिहून तयार ठेवला होता. त्यावर सभेची कात्री चालली. जेफरसनच्या मजकुराचा सुमारे चौथा हिस्सा गळाला. त्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजा जॉर्ज याला दोष देणारा एक मोठा परिच्छेदही होता. दक्षिणेकडील काही वसाहतींना तो नको होता, आणि गुलामांची ने-आण करून पैसा मिळवणाऱ्या उत्तरेकडील काहींनाही तो बोचत होता. जेफरसन शेजारी बसून मनातल्या मनात चरफडत होता. तेव्हा वृद्ध बेंजामिन फ्रँकलिनने त्याची समजूत काढण्यासाठी एक गोष्ट सांगितली, ती जेफरसननेच पुढे लिहून ठेवली आहे. एका टोपीवाल्याने नव्या दुकानासाठी पाटी योजली: अमुक टोपीवाला रोख पैसे घेऊन टोप्या करतो व विकतो, आणि खाली टोपीचे चित्र. एक मित्र म्हणाला, टोप्या करतो म्हटल्यावर ‘टोपीवाला’ शब्द कशाला? दुसरा म्हणाला, टोप्या कोण करतो याच्याशी गिऱ्हाइकाला काय कर्तव्य? तिसऱ्याने ‘रोख पैसे’ काढावयास लावले. चौथा म्हणाला, फुकट वाटणार आहेस असे कोणाला वाटते? मग ‘विकतो’ कशाला? अखेर पाटीवर त्याचे नाव आणि टोपीचे चित्र एवढेच उरले. आपला निबंध मास्तरांच्या लाल शाईखालून गेलेला ज्याने पाहिला आहे, त्याला जेफरसनची अवस्था निराळी सांगावयास नको.

४ जुलैला मजकूर कायम झाला आणि त्याच सायंकाळी तो जॉन डनलॅप या तरुण मुद्रकाकडे गेला. डनलॅप मूळचा आयर्लंडचा, लहानपणी चुलत्याच्या छापखान्यात काम शिकण्यासाठी आलेला. जुळाऱ्यांनी रातोरात खिळे जुळवले आणि मोठ्या तावाच्या एका बाजूवर मजकूर छापला. प्रती किती निघाल्या याची नोंद नाही. सुमारे दोनशे निघाल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अदमास आहे. घाई इतकी, की काही प्रती शाई ओली असतानाच घडी घातल्या गेल्या आणि मजकुराचे उलटे ठसे कागदाच्या दुसऱ्या अर्ध्यावर उमटले. दुसऱ्या दिवसापासून घोडेस्वार या प्रती घेऊन निरनिराळ्या राज्यांकडे आणि सैन्याच्या तळांकडे दौडू लागले. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये जनरल वॉशिंग्टनने तो सैन्यासमोर वाचवून घेतला. त्या रात्री लोकांनी राजा जॉर्जचा शिशाचा पुतळा ओढून खाली पाडला, आणि पुढे त्याच शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या.

हा कागद नीट पाहिला तर दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. सह्यांच्या रांगा येथे नाहीत. अध्यक्ष जॉन हॅनकॉक व चिटणीस चार्ल्स टॉमसन ही दोनच नावे आहेत, आणि तीही छापील. चर्मपत्रावरच्या सह्यांना २ ऑगस्टला आरंभ झाला. दुसरी गोष्ट अशी, की मथळ्यात ‘एकमताने’ हा शब्द नाही. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना घरून परवानगी आलेली नसल्यामुळे त्यांनी मत दिलेच नव्हते. त्यांची संमती ९ जुलैची. नंतर लिहिलेल्या चर्मपत्राच्या मथळ्यात तो शब्द आला, आणि शाळेतल्या पुस्तकांतून तेच रूप घरोघर गेले. जे राष्ट्र पुढे एकमताने जन्मले असे सांगितले जाते, ते ४ जुलैच्या रात्री बारा होकार आणि एक मौन यांवर उभे होते. ते मौन या छापील कागदावरच टिकून राहिले आहे.

आज अशा २६ प्रती ज्ञात आहेत. विल्यम्स कॉलेजने आपली प्रत १९८३ साली लिलावात ४ लक्ष १२ हजार ५०० डॉलरांना घेतली, तेव्हा ही रक्कम अनेकांना अवाच्या सवा वाटली. पुढे १९८९ मध्ये पेनसिल्वेनियातील जुन्या बाजारात कोणी चार डॉलरांना एक तसबीर विकत घेतली, ती केवळ चौकटीच्या मोहाने. चौकट उघडली तेव्हा मागे घडी घातलेली डनलॅपची प्रत निघाली. तीच प्रत २००० साली ८१ लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेली. कॉलेजचा सौदा स्वस्तच म्हटला पाहिजे.

दुसऱ्या कागदाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. तेरा राज्यांनी आपसांत केलेला हा करार काँग्रेसने १७७७ च्या नोव्हेंबरात मंजूर केला. सर्व राज्यांची संमती मिळून तो अंमलात यावयास १७८१ चा मार्च उजाडला. लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला एक मत, मध्यवर्ती सत्तेला कर बसविण्याचा अधिकार नाही, आणि करारात काना-मात्रा बदलावयाची तर तेराही राज्ये राजी पाहिजेत. असे सरकार चालणार कसे? १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली हत्यारे उचलली आणि कोर्टे बंद पाडली. विल्यम्सटाउनच्या आसपासचा बर्कशायर प्रांतही त्या बंडाने पेटला होता. मध्यवर्ती काँग्रेसजवळ ते शमविण्यास ना पैसा ना फौज. शेवटी राज्याने बोस्टनच्या धनिकांकडून पैसा उभा करून शिबंदी धाडली. कराराचा दुबळेपणा कळण्यास या भागातील माणसाला ग्रंथ वाचण्याची गरज नव्हती.

तिसरा कागद हा या संग्रहाचा खरा अलंकार होय, आणि विचित्र गोष्ट अशी, की त्याचे मोल त्याच्या छापील बाजूत नसून कोऱ्या राहिलेल्या जागेत आहे.

१७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात घटनापरिषद बसली. वॉशिंग्टन तिचा अध्यक्ष होता. आत काय चालले आहे याची वार्ता बाहेर जाऊ द्यावयाची नाही असा कडक नियम होता. एकदा कोणा सभासदाचा टिपणाचा कागद सभागृहाबाहेर पडलेला सापडला. वॉशिंग्टनने दिवसाचे काम संपेपर्यंत तो खिशात ठेवला. मग सभेला कडक शब्दांत समज देऊन त्याने तो मेजावर टाकला, ज्याचा असेल त्याने घ्यावा म्हणाला, आणि नमस्कार करून निघून गेला. जॉर्जियाचा प्रतिनिधी विल्यम पिअर्स याने ही आठवण लिहून ठेवली आहे. कागद आपला म्हणून उचलावयास कोणीही पुढे झाला नाही.

चार महिन्यांच्या वादानंतर ठरलेल्या कलमांना एकसारखी भाषा देण्याचे काम पाच जणांच्या समितीकडे आले. त्यातील गव्हर्नर मॉरिस याची लेखणी विशेष चालली. (‘गव्हर्नर’ हे त्याचे नाव होते, हुद्दा नव्हे.) ऑगस्टच्या मसुद्यात आरंभी तेराही राज्यांची नावे ओळीने घातलेली होती. मॉरिसने ती सर्व काढून ‘आम्ही संयुक्त संस्थानांतील लोक’ अशा अर्थाचे शब्द बसवले. कारण अगदी व्यवहाराचे होते: घटना कोणती राज्ये स्वीकारतील आणि कोणती नाकारतील, हे कोणास ठाऊक होते? परंतु या एका फेरबदलाने घटनेचा कर्ता राज्यांऐवजी लोक झाले, आणि त्यावर पुढे शतकभर वाद झाले, रक्तही सांडले. हा सुधारलेला मसुदा डनलॅप व त्याचा भागीदार क्लेपूल यांनी छापला आणि १२ सप्टेंबरला तो सभासदांसमोर आला. त्या प्रती जनतेसाठी नव्हत्या. सभासदांनी वाचाव्यात, खोडाव्यात, समासात लिहावे, म्हणून त्या काढल्या होत्या. चाळीस हजार वस्तीमागे एक प्रतिनिधी असे त्यात होते. अगदी शेवटच्या दिवशी वॉशिंग्टनने तोंड उघडून पाठिंबा दिल्यावर चाळीसचे तीस झाले.

विल्यम्स कॉलेजातील प्रत व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन याची आहे. मेसन हा साठीतला, संधिवाताने गांजलेला जमीनदार, आणि वॉशिंग्टनचा जुना स्नेही व शेजारी. १७७६ साली व्हर्जिनिया राज्याची हक्कांची सनद त्यानेच लिहिली होती, आणि जेफरसनच्या जाहीरनाम्यावर तिची छाया उघड दिसते. परिषदेत त्याने मनापासून काम केले, पण उन्हाळा सरता सरता तो बिथरत गेला. ऑगस्टच्या अखेरीस तर त्याने सांगून टाकले, की घटना आहे अशी राहिली तर तिच्यावर सही करण्यापेक्षा आपला उजवा हात तोडलेला बरा. १२ सप्टेंबरला त्याने सूचना केली, की घटनेच्या आरंभी नागरिकांच्या हक्कांची सनद असावी, राज्यांच्या सनदा पुढे ठेवल्या तर ती काही तासांत तयार होईल. मत घेतले तेव्हा एकाही राज्याने बाजूने मत दिले नाही. सर्व थकले होते, घरी जावयास उत्सुक होते, आणि राज्यांच्या सनदा पुरेशा आहेत असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटत होते.

मेसनने मग आपल्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या जागेवर आपले आक्षेप लिहून काढले. पहिलेच वाक्य हे, की येथे हक्कांची सनद नाही. पुढे तो एकेक दोष मोजत जातो: लोकप्रतिनिधींची सभा ही प्रतिनिधित्वाची नुसती सावली आहे, वरिष्ठ सभेला अतोनात सत्ता दिली आहे, केंद्राची न्यायालये राज्यांची न्यायालये गिळून टाकतील, राष्ट्राध्यक्षाला सल्लागारमंडळ नाही आणि राजद्रोह्यालाही क्षमा करण्याचा अधिकार आहे, मुद्रणस्वातंत्र्याचे अभिवचन कोठेही नाही. गुलामांची आयात वीस वर्षे थांबविता येणार नाही, हाही त्याचा एक आक्षेप होता. येथे वाचकाने मेसनला देवपण देऊ नये. गुलामीचा धिक्कार करणारे भाषण त्याने परिषदेत केले हे खरे, पण त्याच्या स्वतःच्या शेतीवर गुलामच राबत होते. शिवाय त्याच्या आक्षेपांत दक्षिणेच्या व्यापारी हिताची काळजीही स्पष्ट दिसते. माणूस सरळ होता असे म्हणता येते. निःस्वार्थी होता असे म्हणवत नाही.

१७ सप्टेंबरला ३९ जणांच्या सह्या झाल्या. उपस्थितांपैकी तिघांनी नकार दिला: मेसन, त्याच्याच राज्याचा एडमंड रँडॉल्फ, आणि मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी. ऑक्टोबरात मेसनने आपल्या आक्षेपांची नक्कल वॉशिंग्टनला धाडली. हस्तलिखित नकला हातोहात फिरल्या, वर्तमानपत्रांत छापल्या गेल्या, आणि घटना स्वीकारावी की नाही या देशभर चाललेल्या वादात विरोधकांच्या हाती आयते शस्त्र आले. वॉशिंग्टनशी असलेला स्नेह मात्र कायमचा आटला. पुढे एका पत्रात वॉशिंग्टनने त्याचा उल्लेख ‘एके काळचा मित्र’ अशा अर्थाच्या शब्दांनी केला आहे.

काचेच्या पेटीत ठेवलेल्या कागदाची एका वेळी एकच बाजू दिसते. या प्रतीची कोणती बाजू वर ठेवावी हा प्रश्न ग्रंथपालाला पडत असला तर नवल नाही. एका बाजूस राष्ट्राने जे स्वीकारले ते, दुसऱ्या बाजूस एका माणसाने ज्याला नकार दिला ते. आणि दोन्ही एकाच तावावर. आजकाल कोणत्याही दस्तऐवजाचे छायाचित्र घरबसल्या पाहावयास मिळते आणि ते उपयोगीही असते. परंतु मजकूर छापणारा आणि तो नाकारणारा यांनी एकाच कागदावर हात टेकले होते, हे छायाचित्रात पाठ आणि पोट निराळे पडल्यावर मनावर ठसत नाही.

चौथा कागद हा मेसनच्या पहिल्या वाक्याचे उत्तर आहे. घटना मंजूर झाली खरी, पण अनेक राज्यांनी संमती देताना हक्कांची सनद जोडण्याचा आग्रह धरला. आधी तिची गरज नाही म्हणणारा जेम्स मॅडिसन यानेच ८ जून १७८९ रोजी नव्या काँग्रेसपुढे दुरुस्त्या मांडल्या. कनिष्ठ सभेने १७ कलमे केली. वरिष्ठ सभेने छाटून आणि जोडून त्यांची १२ केली. २५ सप्टेंबरला काँग्रेसने ती राज्यांच्या संमतीसाठी कायम केली. त्यांतील १० कलमांना १५ डिसेंबर १७९१ पर्यंत पुरेशा राज्यांची संमती मिळाली आणि तीच आज ‘बिल ऑफ राइट्स’ या नावाने ओळखली जातात. धर्म, भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्याचे कलम त्यात पहिले आहे. काँग्रेसने पाठविलेल्या यादीत मात्र ते तिसरे होते. आधीची दोन कलमे राज्यांनी तेव्हा उचललीच नाहीत, म्हणून ते आपोआप वर सरकले. त्या दोहोंपैकी सभासदांच्या वेतनाविषयीचे कलम दोन शतके धूळ खात पडून अखेर १९९२ साली घटनेत दाखल झाले. संग्रहातील १७८९ चे छापील पाठ पाहिले, की ज्या शब्दांना आज अमेरिकेची न्यायालये शब्दन् शब्द कसाला लावतात, ते शब्द त्या उन्हाळ्यात किती पातळ होते हे कळते.

या दुरुस्त्यांची वार्ता कळली तेव्हा मेसन आपल्या घरी होता. सप्टेंबर १७८९ च्या एका पत्रात त्याने लिहिले, की यामुळे आपणास पुष्कळ समाधान वाटले. आणखी दोन-तीन दुरुस्त्या झाल्या तर नव्या सरकारला आपण आनंदाने हात आणि हृदय देऊ. त्या दोन-तीन दुरुस्त्या झाल्या नाहीत. व्हर्जिनियाने त्याला केंद्राच्या वरिष्ठ सभेत जागा देऊ केली तीही त्याने घेतली नाही. ७ ऑक्टोबर १७९२ रोजी तो वारला.

विल्यम्सटाउनमध्ये दर ४ जुलैला गावातील नाट्यमहोत्सवाच्या नटांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचावयाचा, असा प्रघात गेली अनेक वर्षे पडला आहे. जाहीरनाम्याबरोबर इंग्रजांनी १७७६ च्या सप्टेंबरात दिलेले उत्तरही वाचतात. अलीकडे त्यात फ्रेडरिक डग्लसच्या भाषणातील उताऱ्यांची भर पडली आहे. गुलामीतून पळून आलेला हा वक्ता ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर शहरात उभा राहिला आणि हा सण गुलामाचा कसा काय, असे त्याने श्रोत्यांना विचारले. १७७६ साली सभेने जो परिच्छेद जेफरसनच्या मसुद्यातून गाळला, त्याचाच विषय पुन्हा निघाला होता, आणि या वेळी तो कोणी गाळू शकले नाही.